नव्वदवर अडकलेलं चाक

अमळनेरच्या हिलाल मिस्तरीकडून आणलं
तेलाचं वेल्डिंग मशीन, सहा हजारांत.
‘तांबं शे, अल्युमिनियम नही,’
म्हणत त्यांनी झाकण उघडलं
आणि मी नीट बघायच्या आत लावूनही टाकलं.

चोपड्यापर्यंत टेम्पोत, केळीच्या घडांना टेकून.
रस्ताभर तेलाचा वास.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
पहिला रॉड चिकटला. दुसराही.
शेजारच्या निंबाबाईंचा बल्ब पिवळा पडला.
‘तुमचं झालं की सांगा,’ त्या भिंतीवरून म्हणाल्या,
‘मग मी मिक्सर लावते.’
रात्री डोळ्यांत वाळू. बायकोने
पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या,
बोलली काहीच नाही, तेच जास्त लागलं.

करंटचं चाक नव्वदवर गच्च बसलेलं.
रॉकेल ओतलं, पान्हा लावला, शिव्या दिल्या.
मग नव्वदवरच शिकलो:
पातळ पत्र्याला भोक,
जाड अँगलवर नुसती थुंकी.

एका रविवारी मिस्तरी एसटीने आले.
म्हणाले, इकडे लग्न होतं.
अंगावर रोजचाच खाकी शर्ट.
चहा निवत ठेवून
चालू मशीनला कान लावून बसले,
मग माझ्या खाटेच्या पायावर हातोडी मारली.
काळी साल उडाली.
‘टाका बरा शे. हात घाबरस.’

निघताना चाक तळव्याने आत दाबलं,
फिरवलं.
एकशे दहा.

‘दाबीसन फिरावनं पडस,’ चपला घालत म्हणाले,
‘हाई सांगानं ऱ्हाई गयं.’