प्रति,

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल.
वर निळी ताडपत्री, खाली इन्व्हर्टर,
प्रिंटर रोज सकाळी दोन चापट्या खातो, मग चालतो.
वारसनोंद, नावबदल, भाडेकरार,
पानाला तीस रुपये, शुद्धलेखन माझ्याकडून.

दिगंबर खैरनार स्टुलावर अर्धेच बसले.
नाशिकरोड, प्रेसमधून रिटायर.
"ताई, अर्ज करायचाय. पैसे अडकलेत."
कुठे, तर फोन पुढे केला.
पडद्यावर सोन्याची नाणी पडत होती, आवाज बंद.

पाच हजार यांनी भरले, पाच हजार त्यांनी वर दिले.
वर दिलेले आधी पस्तीस वेळा फिरवायचे, मगच काढायचे.
मी कॅल्क्युलेटर घेतला: पावणेदोन लाख.
"फिरवले," ते म्हणाले, "अकरा रात्री. गच्चीवर. मंडळी झोपल्यावर."
शेवटी उरले दोन लाख एकतीस हजार सहाशे.
उरले म्हणजे दिसले.
काढायला गेले तर, प्रलंबित.
मग लाइट बिल पाठवा. बिल अजून वडिलांच्या नावावर.
वडील जाऊन बावीस वर्षं झाली, बिल जिवंत.
मग फोनसमोर मान डावीकडे वळवा, उजवीकडे,
डोळे मिटा, उघडा.
मिटले. उघडले.

तेव्हा निघाला नियम चौदा, पोटकलम तीन:
बोनस चालू असताना एका डावाला चारशेच्या वर लावू नये.
यांनी साडेचारशे लावले होते.
एकदा. मंगळवारी, रात्री एक वाजून बारा मिनिटांनी.
सगळं रद्द.
माया नावाची कुणी उत्तरं पाठवते:
सर, आम्ही आपली निराशा समजतो. आपला दिवस शुभ जावो.

गोवर्धने वकील चहाला थांबलेले, न बघताच बोलले,
"पैजेचा करार कोर्टात उभा राहत नाही, काका.
तुम्हीही फार पुढे उभे राहू नका."

खैरनारांनी तिकडे मान वळवली नाही.
"एकतीस वर्षं नोटा तपासल्या," मला म्हणाले,
"पुसट शाई, तिरका आकडा, सरकलेला धागा,
नजरेतून सुटलं नाही काही.
एक शीट कमी भरलं तर गेट उघडायचं नाही.
कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे आलेले असोत,
सापडेपर्यंत सगळे आत.
एकदा रात्री साडेनऊला सापडलं, मशीनच्या पत्र्यामागे.
मग जेवायला गेलो."
थोडं थांबले.
"इथं दोन लाख कमी भरलेत, ताई,
आणि गेट सताड उघडं.
सगळे घरी गेलेत."

मी लिहायला घेतलं.
प्रति, स्वल्पविराम. पुढे?
कंपनीचा पत्ता कुठल्याशा बेटावरचा, नुसता पेटी क्रमांक.
बेटाचं नाव दोघांनी मिळून तीनदा वाचलं,
तीन वेगळी बेटं झाली.
"कोरं सोडा," म्हणाले, "सापडला की हातानं लिहीन."

विषय: जिंकलेली रक्कम न मिळाल्याबाबत.
त्यांनी चष्मा चढवला, 'जिंकलेली'वर बोट ठेवलं.
"हे काढा. नुसतं रक्कम."
शेवटी सवयीनं 'आपला विश्वासू' आलं होतं.
तेही खोडायला लावलं.

दोन प्रती काढल्या.
सरकारी नोकरीतला माणूस, ओसीवर पोच हवी.
पोच देणार कोण?
ते कागद धरून उभेच,
रस्त्याकडे बघत,
जणू पलीकडून कुणी आवक-जावकवाला येतोय.

मी ड्रॉवर उघडला. तारखेचा रबरी शिक्का होता,
सुकलेला. तोंडाची वाफ दिली
आणि कोपऱ्यात मारला.
वर लिहिलं, मिळाले. खाली माझी सही.

त्यांनी ठसा उन्हात धरला.
बराच वेळ धरला.
"वर्षाचा शेवटचा आकडा पुसट आलाय," म्हणाले.

परत मारला.