न लिहिलेला एक

नंदुरबारला मिरची पथारीवर पडली
की गावात आधी ठसका येतो, मग बाकीचं सगळं.
गावित बाई खोकत खोकतच शिकवायच्या:
वर्गसमीकरण, म्हणजे एकच चल
आणि त्याचा सगळ्यात मोठा घातांक दोन.
तीन आला की ते दुसऱ्या वर्गातलं पोर.

एक्स म्हणजे काय ते विचारायचं नसतं, काढायचं असतं,
एवढं कळेपर्यंत
माघ निम्मा सरला.

उदाहरण मी आमच्याच घरचं घेतलं.
रमतीबाईच्या, म्हणजे आईच्या वाट्याचा तुकडा:
लांबी रुंदीपेक्षा पाच पावलं जास्त,
क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी.
आई देठ खुडायची थांबली नाही,
मी तिच्या सावलीत वही धरून मांडलं:
एक्सचा वर्ग, अधिक पाच एक्स,
वजा चौऱ्याऐंशी, बरोबर शून्य.

बाईंनी वही पाहिली.
पाच हा एक्सचा सहगुणक.
चौऱ्याऐंशी हे स्थिरपद, पुढच्या वजासकट धरायचं,
एक्स काहीही होवो, ते हलत नाही,
शेठच्या काट्यासारखं दारातच बसून.
आणि एक्सच्या वर्गाचा सहगुणक?
तिथं काहीच नाही, बाई.
काहीच नाही म्हणजे शून्य नव्हे गं.
शून्य असता तर वर्गच उरला नसता.
एक आहे तिथं.
लिहीत नाहीत, एवढंच.

मुकादमाच्या वहीत असतं: बायका, अकरा.

मग अवयव.
गुणाकार वजा चौऱ्याऐंशी, बेरीज पाच,
अशा दोन संख्या शोधता शोधता
बोटाचं तिखट डोळ्याला लागलं,
आणि पाण्यातून दिसले बारा आणि वजा सात.
मधलं पद फोडलं, कंस जुळले.
विवेचकही काढून पाहिला, तीनशे एकसष्ट,
एकोणिसाचा पुरता वर्ग,
म्हणजे मुळं वास्तव, दोन, वेगवेगळी:
सात.
वजा बारा.

रुंदी ऋण नसते, बाई म्हणाल्या,
वजा बारा सोडून दे.
लाल शाईची रेघ.

समीकरणाला दोन्ही चालतात,
दोन्ही टाकून पाहिली, दोन्ही वेळा शून्यच आलं.
मग सोडायचं कुठं?

रात्री आईला विचारलं.
ती हात ताकात बुडवून बसली होती,
आग उतरायची वाट बघत.
चार किलो ओली पसरली तर किलोभर वाळून येते,
हे तिचं रोजचं गणित, कागदाविना.
म्हणाली,
"बारा ना? त्या ऊननी खाई टाकात."
आणि हात पालथे करून
पुन्हा ताकात.

मार्चात पेपरला तसंच एक आलं, शेताचं.
उत्तर नियमाप्रमाणे लिहिलं, एकच, धन.
दुसरं खोडलं,
पण एकाच रेघेनं, वाचता येईल असं.
आणि पहिल्या ओळीत, एक्सच्या वर्गाआधी,
बारीक अक्षरात
एक लिहिला.
त्याला गुण नसतो,
ठाऊक होतं.