तीन स्विच, मकरपुऱ्याहून

हकीमभाई सगळं वजनाने विकतात.
तांबं वेगळं, पत्रा वेगळा, हिरव्या पाट्या वेगळ्या.
मी म्हटलं, किलोवर नको, नगावर सांगा,
तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"बेन, चालू छे के बंद, ए गॅरंटी मारी नथी."

मकरपुरा जीआयडीसी, दुपारचे तीन.
शेडमध्ये पंखा नाही, स्विचांची मात्र चळत,
चोवीस दारांच्या चाळी एकावर एक.

घरून कागद नेला होता,
शाळेच्या फी-पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर:
आवाज किती. वीज किती. परीक्षेत आहे ते सगळं येतं का त्याला.
गिगाबिट खोडलं होतं.
शिकायला वेग लागत नाही,
चुका करायला जागा लागते.

भाचा म्हणतो, मामी, हे सगळं लॅपटॉपवर होतं, फुकट.
होतं.
पण पडद्यावरची तार कधी सैल होत नाही,
आणि नोकरीत माणसाला बोलावतात ते सैल तारेपायीच.

पहिला लावला खांबावरच्या प्लगात
आणि असा गरजला की बाहेर रिक्षावाल्याने मान वळवली.
आमच्या दीड खोल्या. पलीकडे आबा,
त्यांची झोप कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
ठेवला बाजूला.
मग आठ दारांचे दोन सापडले, बिनपंख्याचे, मुके.
एकाचा कान तुटका,
एकावर मार्करने लिहिलेलं: कॅन्टीन.

दोनावर भागत नाही.
दोघांत नुसती तार असते.
तिघांत वर्तुळ होतं, आणि वर्तुळात एक निरोप
फिरत राहतो, फिरत राहतो, लग्नघरातल्या बातमीसारखा,
सगळं ठप्प होईतो.
ते कसं अडवायचं, त्यावरच तर माझे मार्क जायचे आहेत.
म्हणून तो गरजणाराही उचलला,
सहा ते साडेसातपुरता,
आबा सूरसागरच्या कट्ट्यावर असतात तेवढा वेळ.
तिघांचे छत्तीसशे, भिशीतून.
आकाशी चपट्या तारेचे निराळे चारशे,
त्यात हकीमभाईंनी एक रुपया सोडला नाही.

रात्री कॅन्टीनने पासवर्ड मागितला.
तो ठाऊक असलेला माणूस आता कुठे असेल देव जाणे.
बटण दाबून धरायचं, त्याच क्षणी वीज द्यायची;
ऊर्वीला उठवलं.
"सोडू?"
"नको."
"आता?"
"थांब गं."
मग उघडली एक अख्खी फॅक्टरी, रोमन अक्षरांत:
वजनकाटा. पेंट शॉप. गेट नंबर दोन.
सातव्या दारापुढे: देसाई साहेब, हे कधीही बंद करू नये.

मी दोनदा वाचलं.
पुसून टाकायची आज्ञा दोन शब्दांची आहे,
यंत्र एकदाच विचारतं, खात्री आहे ना.

दुसऱ्या दिवशी सहाला त्रिकोण जोडला.
कुणाला नेमलं नव्हतं मी,
तिघांनी आपसात ठरवलं,
आणि मुखिया निघाला तोच, सर्वांत जुना, सर्वांत गोंगाटी.
पुस्तक म्हणतं, हे वयावर सोडू नये.
मी पलीकडच्या खोलीकडे बघून हसले.

दोन तारा हिरव्या झाल्या.
दोन मुक्यांमधली, सातव्या दाराची, नारिंगीच राहिली.
ऊर्वी म्हणाली, "बिघडली."
"अडवून ठेवलीय तिला. मुद्दाम."
तिला ते पटलं नाही.

सात-दहालाच जिन्यात काठी वाजली.
कट्ट्यावर कुणी आलं नसावं आज.
मी गरजणाऱ्याचा प्लग ओढला,
घर एकदम इतकं गप्प झालं
की कुकरची शिट्टी सुटायच्या आधीचा श्वास ऐकू आला.

"आई," ऊर्वी कुजबुजली. ती मोजत बसली होती.
एकोणतीस, तीस, एकतीस,
आणि नारिंगी दिवा
हिरवा.

"कसला आवाज होता गं?" आबांनी दारातून विचारलं.