शेरा

जांभळी नाक्याच्या मागे, कुलूपवाल्याच्या वर
माझं दुकान. पाटीवर बंदूक काढलीय,
पोरं मान वर करून जातात, जिना कुणी चढत नाही.
चढतात ते कागद घेऊन येतात.

निवडणूक लागली की परवानेवाल्यांची रांग.
ठाण्यात जमा करण्याआधी एकदा बघा म्हणतात,
गावी निघताना गॅस बघावा तसं.
मी तेच तेच सांगतो:
चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं,
आणि आपल्याकडे खाडीचा वारा कपाटातसुद्धा शिरतो.
खोबरेल नको. थंडीत गोठतं, पुढे चिकट होतं.
तेल एक थेंब, तोही पुसून घ्यायचा.
सिनेमातल्यासारखं मनगट झटकून मिटू नका,
बिजागरी सैल होते.
माना हलतात.
घरी जाऊन खोबरेलच लावतात.

ताम्हाणेबाई मंगळवारी आल्या, चरईहून चालत,
भाजीच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून.
बत्तीस बोअर, कानपूरची.
परवाना यजमानांच्या नावाचा. यजमान श्रावणात गेले.
चौकीचं पत्र सोबत होतं.
"तुमच्याकडे जमाच करायचीय. पण बिघडलेली देऊ नये कुणाला,"
म्हणाल्या, शेजारणीची किसणी परत करावी तशा.

उघडली. सहाही घरं रिकामी.
नळीतून ट्यूबलाइट बघितली:
आटे लख्ख. काजळीचा कण नाही.
नळीच्या तोंडाशी, जिथं पहिली गोळी सही करून जाते,
तिथं सहीच नव्हती.
"कधी उडवली नाही त्यांनी," बाई म्हणाल्या.
खरं होतं.

पण चक्राभोवती रेघ होती.
असते. खिट्टी घासते, निळाई जाते, खालचं पांढरं दिसतं.
सगळ्यांना असते, तिला आम्ही झीज म्हणतही नाही.
ही मात्र नखाला लागत होती.
मागचे दाते गोल झालेले.
घोड्याची चोच बोथट.
स्प्रिंग दमलेली,
आणि चापावर, बोटाच्या जागी, लोखंड उघडं.

एकही गोळी न झाडता चोच इतकी झिजायला
किती रात्री लागतात, तो हिशेब मला येतो.
मी तो केला नाही.
केला. बोललो नाही.

एवढंच म्हटलं, रिकामी चालवू नये.
घोड्याला पुढे आपटायला काहीतरी लागतं,
नाहीतर तो स्वतःलाच खातो.

बाई ताटलीतल्या स्क्रूंकडे बघत होत्या.
"पलीकडच्या खोलीत मी जागीच असायचे.
टिक्.
मग बराच वेळ काही नाही. मग टिक्.
सहा झाले की कपाट वाजायचं,
की मी कूस बदलायचे.
एकदा पाचच वाजले."

खाली कुलूपवाला किल्ली घासत होता.
मी चिंधी शोधू लागलो, ती हातातच होती.

"उठून पाहिलं, तर बसल्या बसल्या झोपलेले.
बोटं सोडवून मीच म्यानात घालून ठेवली.
चुकलंच म्हणायचं.
खाली त्या फलकावर लिहिलंय तुम्ही,
चामडं ओल धरतं."

मुठीच्या कडेला गंजाचे ठिपके होते, बोटभर जागेत.
ते काढले. वेळ घेऊन काढले.
रेघ निघत नसते.

नोंदवहीत रकाने आहेत:
क्रमांक, बनावट, नळी, चक्र, शेरा.
शेऱ्यात लिहिलं, झीज सामान्य.
चोच बदलावी असंही लिहितात खरं तर. लिहिलं नाही.

बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.
मग रिकामा टॉवेल झटकला,
चौपदरी घडी केली,
आणि विचारलं, याचे तेलाचे डाग
कशानं जातात.