बाद

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
मी नोटांचे ताव तपासले.
कुठे शाई फुटलेली, कुठे रेघ सरकलेली,
आकडा अर्ध्या केसाने खाली बसलेला.
त्यावर बोट ठेवायचं, लाल पेन्सिलने खूण करायची,
म्हणायचं, बाद.
डब्यातल्या भाकरीचे डागसुद्धा
मी दोन्ही बाजूंनी ताडून बघायची.

निवृत्तीच्या पैशातून कॅमेरा घेतला.
घरी कुणाला पटलं नाही.

आता पहाटेची पहिली बस, गंगापूर गाव,
तिथून पायी धरणाच्या फुगवट्यापर्यंत.
उन्हाळ्यात पाणी मागे मागे जातं
आणि प्रत्येक मुक्कामाची एक रेघ चिखलात ठेवतं.
कोरड्या शेवाळाची, शिंपल्यांच्या चुऱ्याची,
एकदा तर नुसत्या कोंबडीच्या पिसांची.

मुलगी वेंगुर्ल्याला दिली आहे.
फोनवर हसते : आई, काठ काठ काय करतेस,
तुमच्याकडे कुठे समुद्र आहे?
मी तिला एक फोटो पाठवते, म्हणते, ओळख.
बेट आहे का गं? विमानातून काढलंय?
नाही बाई. मोटारपंपाच्या झाकणाचा गंज.
मग दुसरा : हिरवं-निळं आभाळ फाटत आलेलं.
ते द्राक्षबागेतल्या हौदाची भिंत,
मोरचुदाचे ओघळ, वर्षानुवर्षांच्या फवारणीचे.

यात काही कसब नाही.
इतकं जवळ जायचं
की वस्तूचं नाव गळून पडावं.
मग थोडं थांबायचं. गुडघे दुखतात तेवढं.

सगळ्यात जास्त फोटो लहानू शेवऱ्याच्या होडीचे.
काठावर पालथी पडलेली, पौषापासून.
पांढऱ्याखाली पोपटी, पोपटीखाली शेंदरी,
आणि पोपडा उडाला तिथून डोकावणारं डांबर.
रोज उन्हाने एखादी कड उचललेली असायची.
मी त्या एका बुडाचे दोनशे अकरा फोटो काढले.
दोन एकसारखे नाहीत. मी तपासलंय.

लहानू लांब जाळं विणत बसायचा,
बघायचा, बोलायचा नाही.

परवा गेले तर होडी निळी.
लखलखीत निळी, टोकापासून टोकापर्यंत,
आणि बाजूला लहानू, कोपरापर्यंत निळा.
"ताई, तुमी एवढ्या लांबून रोज फोटोला येता,
आन् आमची होडी ही अशी खरजुली.
लाज वाटली मला.
काल दिवसभर बसून रंगवली. काढा आता."

मी काय बोलणार?
पाच महिन्यांचं आभाळ, बेटं, खाड्या,
सगळं एका डब्याखाली गेलं होतं
आणि डबा उधारीवर आणला होता, तेही त्यानेच सांगितलं.
मी कॅमेऱ्याचं झाकण काढलं,
म्हटलं, जरा इकडे सरका, ऊन तोंडावर येऊ द्या.

नाकाडावर लाल रंगात नाव घातलं होतं : गिरजा.
धाकटी मुलगी, म्हणाला, सातवीत आहे, तिनेच लिहिलं.
'गि'च्या वेलांटीतला रंग जास्त झालेला,
ओघळून चार बोटं खाली आलेला.

सवयीने माझं बोट त्यावर गेलं.
शब्दसुद्धा ओठापर्यंत आला होता.

रंग ओला होता.

लहानू हसायला लागला, रॉकेलचा बोळा शोधायला लागला.
मी म्हटलं, राहू द्या.
ओघळाच्या शेवटी आता माझ्या बोटाचा ठसा आहे,
चक्रासकट, स्पष्ट,
कुठल्याही शाईला जमला नसता इतका.

त्याचा एक फोटो काढला. फार जवळून.
मुलीला पाठवला, म्हटलं, ओळख.
अजून उत्तर आलेलं नाही.

बसमध्ये कंडक्टरला नोट दिली
तेव्हा तिच्या कोपऱ्यावर लाल लागलं.
त्याने ती उलटसुलट करून पाहिली,
एकदा माझ्याकडे बघितलं,
आणि पाकिटात सरकवली.