बर्फनांगर

आमच्याकडे जेवून उठताना म्हणायचं असतं,
"जेवणाबद्दल आभार."
इंग्वे म्हणतो. सहा वर्षांचा आहे.
खुर्ची मागे ढकलता ढकलता म्हणतो,
शेवटचा शब्द जिन्यावरून ऐकू येतो.
मासा खारट झाला असला तरी म्हणतो,
बशीला हात लावला नसला तरी म्हणतो,
परवा नुसतं पाणी दिलं, तरी म्हणाला.

मीच शिकवलंय. दात घासायला शिकवलं, तसंच.
मावशीकडून लोकरी मोजे आले की फोन कर.
बसमधून उतरताना ड्रायव्हरशी बोल,
तोंडाकडे बघून,
बुटांकडे बघून नाही.

डिसेंबर आहे. वार्डोतून सूर्य
नोव्हेंबरातच गेलाय, निरोपही न घेता.
पहाटे चारला वळणावर नारिंगी दिवा गरगरू लागतो.
नांगर खडखडत येतो, रस्ता लख्ख करतो
आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ
आमच्या फाटकात आणून लोटतो.
रोज. कमरेइतका.
ओडवार बोटीवर, आणखी तीन आठवडे.
ढीग उपसायला मी, तोंड सोडायलाही मीच:
"मेल्याला आमचंच फाटक दिसतं!"

एकदा पाठीमागे इंग्वे उभा,
टोपीतून नाक तेवढं बाहेर.
"आई, त्याला कुणी आभार म्हणतं का?"
"कुणाला?"
"मेल्याला."

त्याला ते नाव वाटलं होतं.

मी म्हटलं, त्याला पगार मिळतो रे.
तो विचारात पडला. मग म्हणाला,
"मग पगार नसतो त्यांनाच म्हणायचं?
तुला स्वयंपाकाचा मिळत नाही, म्हणून?"
मी फावडं बर्फात खुपसलं.
जोरात.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळाच्या संध्याकाळी,
बाहेर तर सकाळपासून तोच काळोख,
त्याने चित्र काढलं.
मोठा नांगर, आत दोन केसांचा माणूस,
वर दिवा, इतका नारिंगी की खडू संपला.
नाव घालायला मी मनाई केली.
मग खाली नुसतं, "नांगरवाल्यास. रस्त्याबद्दल आभार."
प्लास्टिकच्या पिशवीत चित्र आणि एक वाफल,
पिशवी फाटकाला.

चारला नांगर आला
आणि चित्र, वाफल, फाटक, सगळं गाडून गेला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा हातांनी उकरलं.
पिशवीचा कोपरा लागला तेव्हा बोटं बधिर झाली होती.
वाफलचा दगड झालेला.
मला वाटलं, रडेल आता.
तो म्हणाला, "काळोखात दिसलं नसेल. उद्या उंच बांधू."

उंच बांधलं. ते वाऱ्याने नेलं.
तिसऱ्या दिवशी ताप आला, आणि विषय राहिला.

विषय राहिला, माझ्यापुरता राहिला नाही.
गुरुवारी दुकानात रांगेत माझ्यापुढे
नारिंगी जाकिटातला माणूस,
कॉफीचं पाकीट, पाव, मांजराचं खाणं.
हाताची दोन बोटं पांढरी पडलेली,
सुटे पैसे मोजता मोजता सांडले त्याचे.
मी वाकले, उचलून दिले.
त्यानेच म्हटलं, "आभार."

माझ्या जिभेवर सहा आठवड्यांचा ढीग होता.
म्हणाले, "रस्त्याबद्दल... म्हणजे, तुमचेच."
बुटांकडे बघून म्हणाले.
"कुठला रस्ता?" त्याने विचारलं.
मी सांगितला.
"अच्छा," तो म्हणाला, "ते अडचणीचं फाटक."
आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ढीग तेवढाच.
खरं सांगायचं तर थोडा जास्तच.
मी फावडं घेतलं, सवयीने तोंड उघडलं, "मेल्या..."
वर खिडकीत इंग्वे.
हात हलवत होता,
मला, की वळणावर लांब जाणाऱ्या त्या दिव्याला,
काच धुरकटलेली होती,
कळलं नाही.