बाहेरचा पत्ता: प्रलंबित

हापसालूच्या नगरपालिकेचं तळघर.
वर लेइदा लग्नं नोंदवते, खाली मी
तीन टाकाऊ यंत्रं एका सुरात आणायला बसलेली.
क्लस्टर म्हणायचं याला. हेल्दुर म्हणतो, भंगार.

काम एवढंसं: एक पान.
आज बर्फ किती जाड, हीउमा बेटाचा रस्ता खुला की बंद.
समुद्रावरचा रस्ता हा, थंडीनं दिला तर मिळतो.
त्यावर गाडीत पट्टा लावायचा नसतो;
फुटलंच, तर दार ढकलून बाहेर पडता यावं.
पाहुणे हे ऐकून हसतात.
मग पट्ट्याकडे बघतात.

पडद्यावर सगळं हिरवंगार.
कंटेनर चालू, पॉड ठणठणीत,
आत शिरून हाक मारली की ओ देतो:
बावीस सेंटिमीटर, खुला.
आणि ऊदो, धक्क्यावर, कानटोपी वर सरकवून
फोनवर म्हणतो, "काही नाही. गोल फिरतंय."

तीन रात्री गोल फिरलं.

पॉडचा पत्ता लिहून ठेवण्यात अर्थ नसतो.
तो मरतो, त्याच्या जागी दुसरा उठतो,
तेच काम, तोच चेहरा, घर नंबर नवा.
म्हणून पुढ्यात सर्व्हिस उभी करायची,
जी नावगाव विचारत नाही, गळ्यातलं लेबल बघते
आणि आलेल्याला नेमक्या खोलीत धाडते.
माझी कुणालाच धाडत नव्हती.
तिच्या यादीत शून्य नावं.

आमच्याकडे 'यॅ' म्हणजे बर्फ.
'यॅ' म्हणजे 'राहा, जाऊ नकोस' सुद्धा.
दोन्ही एका उच्चारात कसं मावतं, विचारू नका. मावतं.
पण लेबलात अक्षरांवरची टिंबं चालत नाहीत,
आणि ती पुसली की उरतं 'या'.
एका फाइलीत मी लिहिलं होतं 'या',
दुसरीत, झोपेत, 'य'.
एका कान्यापायी
अख्खा समुद्र खोळंबलेला.

काना दिला. यादीत नाव आलं.
दार तरी उघडेना: नाकारले, नाकारले.
दुसरी रात्र त्यात गेली.
मग दिसलं, हा बसलाय एकशे सत्तावीस शून्य शून्य एकवर,
म्हणजे स्वतःच्याच पत्त्यावर,
कान लावून, स्वतःचंच ऐकत.
मी म्हटलं, बाबा रे.
(महिनाभर माझंही वेगळं काय चाललं होतं म्हणा.
लेइदा जेवायला बोलवायची, मी वर जायचे नाही.)
बदललं: शून्य, शून्य, शून्य, शून्य.
कुणाचंही ऐक.

आणि तिसरी रात्र त्या एका रकान्यापुढे.
बाहेरचा पत्ता: प्रलंबित.
चहा. प्रलंबित. वेफर्स. प्रलंबित.
मोठ्या कंपन्यांच्या ढगात कुणीतरी असतो पत्ते वाटायला.
इथे मी, आणि भिंतीत टकटकणारे पाइप.
जो द्यायलाच कुणी नाही, त्याची वाट
यंत्र जन्मभर पाहतं, कुरकुर न करता.
मला ते जमलं नाही.
हट्ट सोडून तिन्ही यंत्रांच्या अंगात
तीस हजारांच्या पलीकडचं एक दार पाडलं
आणि राउटरला सांगितलं: कुणी आलं, तर इकडे पाठव.

पहाटे सहा दहाला लॉगमध्ये एक ओळ.
अनोळखी पत्ता. बाहेरून.

फोन वाजला. ऊदो.
"दिसलं."
मी शाबासकीची वाट पाहत होते.
"आकडा कालचा आहे. मी भोकापाशी उभा आहे,
सोळा. खाली पाणी वाजतंय.
बंद कर."

रस्ता. पान नव्हे.
एवढं कळायला मला श्वासभर लागला.

आठपर्यंत दोनशे बारा जण त्या दारानं आले,
काही बेटावरून, काही किनाऱ्यावरून,
इंजिनं तापत ठेवून.
प्रत्येकाला एकच शब्द दिला,
टिंबांसकट:
यॅ.